अलेक्झांड्रिया एका दिवसात? कैरोच्या टूरमधल्या ‘ऑप्शनल’ सहलीचं परीक्षण

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर भागातून इजिप्तला जाणाऱ्या ग्रुप टूरची पत्रकं पाहिली, तर पिरॅमिड, नाईल क्रूझ, लक्झर या ठळक अक्षरांच्या खाली बारीक टायपात एक ओळ हमखास सापडते : ‘ऑप्शनल – अलेक्झांड्रिया फुल डे, लंचसह’. पैसे वेगळे आणि बहुतेक वेळा डॉलरमध्ये. भूमध्य समुद्राकाठचं, इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये सिकंदरानं वसवलेलं शहर एका दिवसात दाखवायची ही सेवा. ती घ्यावी का, हा प्रश्न टूर ठरवताना प्रत्येक घरात निघतो, म्हणून तिचंच हे परीक्षण.

निकाल आधी सांगतो : पाचापैकी दोन गुण. गाडी चांगली, गाइड जाणकार, जेवण ताजं, असं सगळं जुळून आलं तरी दोनच. उणेपणा कुणा एका कंपनीचा नाही, घड्याळाचा आहे. हेच शहर दोन मुक्काम करून पाहिलं तर त्याला पाचापैकी साडेचार द्यायला मला जड जाणार नाही, आणि त्यासाठी फार जादा खर्चही लागत नाही.

घड्याळाचा हिशेब असा. कैरोहून अलेक्झांड्रिया डेझर्ट रोडनं साधारण २२० किलोमीटर. गिझातल्या हॉटेलवरून बस सकाळी सातला निघते असं पत्रकात असतं; तीस माणसं नाश्ता करून बसेपर्यंत साडेसात होतात. वाटेत चहा-बाथरूमचा एक थांबा. शहरात शिरायला साडेदहा. परत रात्री आठपर्यंत गिझाला पोचायचं तर अलेक्झांड्रियातून साडेचारला निघावंच लागतं. हातात राहिले सहा तास. त्यातला एक-सव्वा तास जेवणाचा. आता शहराचा आकार लक्षात घ्या : अलेक्झांड्रिया समुद्राच्या काठानं लांबच लांब पसरलेली एक अरुंद पट्टी आहे. पूर्वेला मोंताझाच्या बागा, पश्चिमेला काइतबेचा किल्ला, मध्ये पंधराएक किलोमीटरचा कॉर्निश रस्ता, आणि भुयारी थडगी तिसऱ्याच बाजूला, आतल्या दाट वस्तीच्या करमूझ भागात. या तिन्ही टोकांना बस फिरवली की दीड-दोन तास रस्त्यावरच जातात. उरलेल्या तीन तासांत पाच ठिकाणं, म्हणजे एका ठिकाणाला पस्तीस-चाळीस मिनिटं, आणि त्यातच तिकिटाची रांग, मोजणी आणि फोटो.

करमूझमधल्या कोम अल-शुकाफाच्या भुयारी थडग्यांत उतरायला गोल जिना आहे, पायऱ्या ९९. तीस जणांचा गट उतरून परत वर यायलाच वीस मिनिटं लागतात. त्यामुळे गाइडचं बोलणं वरच, उन्हात उभं राहून उरकतं आणि खाली फक्त ‘चला, चला’ एवढंच ऐकू येतं. अलेक्झांड्रियाचं नवं ग्रंथालय बाहेरून दाखवलं जातं. ग्रीको-रोमन संग्रहालय बहुतेक पत्रकांत नसतंच. ते २००५ पासून बंद होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. पत्रकं मात्र जुन्याच मसुद्यावर चालू आहेत. शहरातली सगळ्यात मोलाची जागा अशी वगळली जाते.

तरीही ज्यांना टूरबरोबरच राहायचं आहे, त्यांनी बुकिंगआधी पत्रकातले शब्द नीट वाचावेत. ‘व्हिजिट’ म्हणजे आत जाणं, ‘फोटो स्टॉप’ म्हणजे बसमधून उतरून दहा मिनिटं, आणि ‘पॅनोरॅमिक’ म्हणजे खिडकीतूनच. प्रत्येक ठिकाणापुढे या तिन्हींतलं काय आहे ते लिहून घ्या. प्रवेश फी धरली आहे की ‘जागेवर भरावी’, गाइड-ड्रायव्हरची टिप धरली आहे का, किमान किती माणसं झाली तरच सहल निघेल, आणि ती निघाली नाही तर त्या दिवशी काय, हे चार प्रश्न विचारलेच पाहिजेत. सहल शुक्रवारी येत असेल तर वार बदलून मागा. शुक्रवारी सकाळी ग्रंथालय बंद असतं आणि दुपारच्या नमाजाच्या वेळी जुन्या भागातली वाहतूक अडते. बिलात टीसीएसची (परदेशी टूरवर कंपनी आधीच घेते त्या आयकराची) रक्कम वेगळी दाखवली आहे ना, तेही पाहा. ती तुमच्या पॅनवर जमा होते, आयकर खात्याच्या नोंदीत दिसते आणि विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. बिलात सगळंच एकत्र धरलं असेल तर ती शोधत बसावं लागतं.

आणि एक बदल आवर्जून मागा : मोंताझा काढून टाकायचा. राजवाडा आतून पाहायला मिळत नाही, बागेतून एक चक्कर होते, आणि तेवढ्यासाठी शहराच्या पूर्व टोकापर्यंत जाऊन-येऊन तास-दीड तास जातो. तो वेळ ग्रीको-रोमन संग्रहालयाला द्या म्हणावं. चांगला टूर मॅनेजर हे ऐकतो. फक्त निघायच्या दिवशी बसमध्ये सांगून उपयोग नाही, आठवडाभर आधी लेखी कळवावं लागतं.

गुडघे दुखणारे, एका दिवसात समुद्र आणि किल्ला पाहून समाधान मानणारे, किंवा एकट्यानं हॉटेल-रेल्वेच्या भानगडीत पडायची इच्छा नसणारे यांना ही सहल वाईट नाही. बाकीच्यांनी कैरोच्या टूरच्या आधी किंवा नंतर स्वतःचे दोन मुक्काम जोडावेत. ते कसे करायचे ते पुढे सविस्तर सांगतो.

कोणत्या महिन्यात जायचं ते आधी ठरवा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत उत्तम. दिवाळीची सुट्टी बहुधा याच सुमारास येते. हवा कोरडी, समुद्र शांत, गर्दी ओसरलेली. नोव्हेंबरच्या मध्यानंतर भूमध्य समुद्रावरची वादळं सुरू होतात. स्थानिक लोक त्यांना ‘नव्वा’ म्हणतात आणि प्रत्येकीला वेगळं नाव आहे. अशा दिवशी लाटा कठडा ओलांडून कॉर्निशवर येतात, सखल रस्ते तुंबतात. इजिप्तमध्ये पाऊस नसतो असं धरून डिसेंबर-जानेवारीत फक्त सुती कपडे नेणारे इथं फसतात. हिवाळ्यात दिवसाही पारा अठराच्या आसपास आणि वर समुद्राचा गार वारा. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धं कैरो इथं हवापालटाला येतं, तेव्हा हॉटेलं महाग आणि रस्ते ठप्प. मार्च ते मे हवा छान, पण मधूनच वाळवंटातला ‘खमसीन’ वारा धूळ घेऊन येतो. दम्याच्या रुग्णांनी हे महिने टाळावेत. रमजानमध्ये स्मारकं लवकर बंद होतात आणि दिवसा खाणावळी मिटलेल्या असतात, तारखा ठरवताना तेही बघून घ्या.

व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणारं तिकीट काढू नका. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने हवी. व्हिसाचं काम टूर कंपनी करत असेल तर ती फक्त ग्रुपच्या तारखा आणि ग्रुपची हॉटेलं दाखवते. तुमचे जादाचे दोन मुक्काम त्या कागदांत येत नाहीत. म्हणून अलेक्झांड्रियाचं हॉटेल आधी रद्द करता येईल अशा अटीवर बुक करून ती प्रत अर्जाला जोडायला सांगा, आणि परतीचं विमान त्या तारखांनुसारच घ्या. ग्रुपच्या तिकिटात परतीची तारीख बदलून मिळते का, हे पहिला हप्ता भरायच्या आधी विचारायचं. नंतर विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येतं.

मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. देवगिरी एक्स्प्रेसनं पहाटे मुंबईत उतरून त्याच सकाळचं विमान पकडायचा बेत करू नका. गाडीला उशीर झाला की संपलं. आदल्या दिवशी पोचा, किंवा रात्रीचं विमान असेल तर दिवसाची गाडी घ्या. जालना-संभाजीनगरकरांना समृद्धी महामार्गानं गाडी करून जाणंही आता सोयीचं पडतं. नांदेड, लातूर, धाराशिवकरांनी हैदराबादहून आखातमार्गे जाणारी विमानंही तपासावीत, मुंबईपेक्षा तो फेरा कधी कधी सोपा पडतो. आखातातल्या काही शहरांतून अलेक्झांड्रियाच्या बुर्ज अल-अरब विमानतळावर थेट विमानं उतरतात. तसं मिळालं तर सोनं : आधी अलेक्झांड्रिया, मग रेल्वेनं कैरो, तिथून परत, म्हणजे एकही रस्ता दोनदा करावा लागत नाही. हा विमानतळ शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर आहे, त्यामुळे रात्री उतरणार असाल तर हॉटेलकडून गाडी सांगून ठेवा.

कैरोहून जायचं तर रेल्वेच. आफ्रिकेतला पहिला लोहमार्ग याच दोन शहरांमध्ये झाला. अलेक्झांड्रियाच्या बाजूनं १८५४ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि १८५६ मध्ये गाडी कैरोला पोचली. आजही रामसेस स्टेशनवरून वातानुकूलित गाडी अडीच-तीन तासांत नेते, आणि नाईलच्या मुखाकडची हिरवी शेती खिडकीतून दिसते. डेझर्ट रोडवर जाहिरातीचे फलकच जास्त. तिकीट एक-दोन दिवस आधी काढा. गुरुवारी संध्याकाळी अलेक्झांड्रियाकडे आणि शनिवारी संध्याकाळी कैरोकडे गर्दी असते.

दोन ठिकाणी गडबड होते. पहिली, अलेक्झांड्रियात गाडी आधी सीदी गाबेरला थांबते. अर्धा डबा उतरतो आणि आपणही उठतो. तुमचं हॉटेल राम्ल या ट्राम स्टेशनच्या भागात असेल तर बसून राहा, शेवटचं स्टेशन ‘महत्तत मस्र’ आपलं. दुसरी, डब्यावर आणि सीटवर आकडे अरबी लिपीत असतात. त्यातला पाच आपल्या मराठी शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात इंग्रजी ‘व्ही’सारखा, आठ तोच उलटा. सीट क्रमांक पन्नास हा गोल आणि ठिपका असा दिसेल. दहाही आकडे मोबाइलमध्ये फोटो म्हणून ठेवा. बस, टॅक्सी, दुकानातले भावही त्यातच लिहिलेले असतात.

मुक्काम राम्ल स्टेशन आणि साद झगलूल चौकाच्या आसपासच घ्या. १९२९ चं जुनं सेसिल हॉटेल याच चौकात आहे. ते परवडलं नाही तरी आजूबाजूला सर्व दरांची हॉटेलं आहेत. इथून संग्रहालय, रोमन नाट्यगृह आणि कॉर्निश पायी होतं. समुद्राकडची खोली मागताना एवढं जाणून घ्या की कॉर्निशवर मध्यरात्रीपर्यंत हॉर्न चालू असतात. झोप हलकी असेल तर मागच्या बाजूची खोली, वरचा मजला. जुन्या इमारतींत एकाच इमारतीच्या वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळी हॉटेलं असतात. लिफ्ट चालू आहे का, ते पैसे भरायच्या आधी विचारा.

पैशांचं थोडं गणित. भारतीय रुपये तिथं बदलून मिळतील असं धरू नका, डॉलर न्या आणि बँकेत बदला. एक इजिप्शियन पौंड म्हणजे पावणेदोन ते दोन रुपये, त्यामुळे भाव ऐकला की दुप्पट करायचा. मार्च २०२४ मध्ये पौंडाचं मोठं अवमूल्यन झालं. त्याआधीच्या प्रवासवर्णनांतले दर विसरून जा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर परदेशी पर्यटकांकडून पैसे कार्डनंच घेतले जातात, रोख चालत नाही. इथंच आपल्याकडच्या कितीतरी लोकांची फजिती होते. भारतात मिळणाऱ्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून चालू करून मर्यादा ठरवावी लागते. व्हिसा किंवा मास्टरकार्ड, तेही दोन वेगळ्या बँकांचं, बरोबर ठेवा. ओटीपी येणारा नंबर रोमिंगवर चालू हवा. रोख लागते ती टॅक्सी, चहा आणि बक्षिसीला. पाच-दहाच्या सुट्ट्या नोटा पहिल्याच दिवशी करून घ्या. मुलांसाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र काढलं तर स्मारकांचं तिकीट निम्म्यावर येतं. चार माणसांच्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवतो.

आता प्रत्यक्ष दिवस. स्मारकं सकाळी नऊला उघडतात आणि दुपारी चारच्या सुमारास तिकीट खिडकी बंद व्हायला लागते, हे धरून आखणी करा.

पहिला दिवस : कैरोहून आठच्या सुमाराची गाडी, अकराच्या आत अलेक्झांड्रिया. सामान हॉटेलवर टाकून थेट कोम अल-दिक्का. १९६० मध्ये एका टेकाडाचं खोदकाम चालू असताना इथं संगमरवरी आसनांच्या तेरा ओळींचं छोटं रोमन नाट्यगृह सापडलं. पोलिश पुरातत्त्वज्ञांनी पुढं खणत नेलं तेव्हा शेजारीच पाचव्या ते सातव्या शतकातल्या व्याख्यानाच्या खोल्यांची रांग निघाली. तीन बाजूंना दगडी बाकं आणि मध्ये शिक्षकाचं उंच आसन. टूरवाले नाट्यगृहापाशी फोटो काढून निघतात, या खोल्यांपर्यंत कुणी जात नाही. त्या वीसपेक्षा जास्त आहेत, म्हणजे हे एक अख्खं विद्यापीठ होतं. त्याच आवारात ‘पक्ष्यांचा वाडा’ आहे, त्याचं तिकीट वेगळं. जमिनीवरच्या मोझेइकमध्ये, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांत, मोर, पोपट, बदक ओळखू येतात. घ्याच ते तिकीट.

तिथून पायी दहा मिनिटांवर ग्रीको-रोमन संग्रहालय. याला पुरते अडीच तास द्या. राणी दुसरी बेरेनिके हिचं, डोक्यावर जहाजाच्या आकाराचा मुकुट असलेलं मोझेइक, आणि सेरापियममधून, म्हणजे सेरापिस देवाच्या मंदिरातून, निघालेला काळ्या दगडाचा अपिस बैल, या दोन वस्तूंपुढे थोडं थांबा. मराठवाड्याच्या माणसानं हे संग्रहालय चुकवू नये असं मी म्हणतो त्याला ठोस कारण आहे. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर ही दोन्ही गावं नावानिशी आली आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजेच तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला उतरे. तिथून तांबडा समुद्र, मग वाळवंट ओलांडून नाईल, आणि नाईलनं खाली अलेक्झांड्रिया. त्याच वाटेवरच्या बेरेनिके बंदरात सातवाहनांची दोन नाणीही सापडली आहेत, हे २०२३ मध्ये जाहीर झालं. जायच्या आधी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं लामतुरे संग्रहालय पाहून घ्या. तिथली रोमन वळणाची मातीची भांडी आणि दिवे पाहिलेला माणूस इथल्या काचेच्या कपाटांपुढे वेगळ्याच डोळ्यांनी उभा राहतो. ऑप्शनल सहलीत हे सगळं बसत नाही, आणि माझा तिच्यावर सगळ्यात मोठा राग याच कारणासाठी आहे.

दुसरा दिवस : सकाळी नऊच्या ठोक्याला करमूझ, गटांच्या बस येण्याआधी. कोम अल-शुकाफा आधी, ‘पॉम्पीचा खांब’ नंतर. १९०० मध्ये एका गाढवाचा पाय जमीन खचून आत गेला तेव्हा ही भुयारी थडगी उजेडात आली. दुसऱ्या शतकातली, खडकात खाली खाली कोरत नेलेली. वेरूळ पाहिलेल्या माणसाला छिन्नीचं काम कुठून सुरू झालं असेल ते लगेच शोधावंसं वाटतं. गोल जिन्याच्या मधल्या विहिरीतून शव दोरानं खाली सोडत. पहिल्या मजल्यावर एक खोली आहे, तीन बाजूंना दगडी ओटे. नातेवाईक इथं बसून श्राद्धाचं जेवण करीत आणि वापरलेली मातीची भांडी परत न नेता तिथंच फोडून टाकीत. जागेचं ‘खापरांचा ढिगारा’ हे नाव त्यावरूनच पडलं. मुख्य गाभाऱ्याच्या दाराशी आतल्या बाजूला वळून पाहा : कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस देव रोमन शिपायाच्या चिलखतात उभा आहे. इजिप्तचा देव, रोमचा गणवेश, ग्रीक पद्धतीचं कोरीवकाम. हे बघायला दिवा लागतो, मोबाइलचा चालतो. सगळ्यात खालच्या मजल्यात वर्षानुवर्षं भूजल साचायचं. पाणी उपसण्याचं मोठं काम २०१९ मध्ये पूर्ण झालं, तरी पायऱ्या दमट असतात. रबरी तळव्याचे बूट घाला. जिन्याशिवाय दुसरी वाट नाही, त्यामुळे गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी वरच थांबावं हे बरं.

‘पॉम्पीचा खांब’ इथून पायी जवळच. पॉम्पीचा त्याच्याशी काही संबंध नाही. डायोक्लेशियन बादशहाच्या सन्मानार्थ इसवी सन २९८ च्या सुमारास तो उभारला. उंची जवळपास २७ मीटर आणि मधला दांडा आस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा, अखंड. पंधरा मिनिटांत होतो. मात्र खांबामागून सेरापियमच्या भुयारी वाटा खाली जातात, तिथं जायला विसरू नका.

दुपारी टॅक्सीनं काइतबेचा किल्ला. जगातल्या सात आश्चर्यांमधलं दीपगृह याच जागी होतं. इसवी सनापूर्वी २८० च्या सुमारास दुसऱ्या टॉलेमीच्या काळात ते पूर्ण झालं. हा राजा म्हणजे अशोकाच्या तेराव्या शिलालेखातला ‘तुरमय’. चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी ते कोसळलं, आणि १४७७ ते १४७९ मध्ये सुलतान काइतबेनं तिथंच किल्ला बांधला. दीपगृहाचे दगड त्यात वापरल्याचं मानलं जातं. बाकीचे समोरच्या पाण्यात पडून आहेत. २०२५ मध्ये त्यांतले २२ अवाढव्य तुकडे वर काढून त्यांचं त्रिमितीय मोजमाप घेण्यात आलं. किल्ला आतून तसा रिकामा आहे, शस्त्रं-बिस्त्रं नाहीत. पण वरच्या खिडक्यांतून बंदराचा अर्धगोल दिसतो आणि सगळ्या शहराची रचना एका नजरेत कळते. किल्ल्याबाहेर घोडागाडीवाले मागे लागतात. बसायचं असेल तर भाव ‘सगळ्यांचा मिळून, जाऊन-येऊन’ असा बोटं दाखवून पक्का करा. उतरताना तो ‘माणशी’ होतो.

तिसरा दिवस सकाळी ग्रंथालय, अर्थात शुक्रवार नसेल तर. २००२ मध्ये उघडलेली ही इमारत म्हणजे समुद्राकडे कललेली १६० मीटर व्यासाची तबकडी. बाहेरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर १२० लिप्यांतली अक्षरं कोरलेली आहेत. आतलं वाचनालय अकरा टप्प्यांत खाली उतरत जातं आणि छतातून येणारा उजेड थेट पुस्तकावर पडत नाही. पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात, पासपोर्ट-पाकीट हातात घ्या. तिकिटात इंग्रजीतून माहितीची फेरी धरलेली असते, ती चुकवू नका. पुरावस्तू संग्रहालयाचं तिकीट वेगळं; ग्रीको-रोमन पाहिलं असेल तर ते सोडून द्या. मुलं बरोबर असतील तर त्यांना एराटोस्थेनिसची गोष्ट इथंच सांगा : उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी आस्वानच्या विहिरीत सावली पडत नव्हती आणि अलेक्झांड्रियात सात अंशांहून थोडी जास्त पडत होती, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, एवढ्यावरून त्यानं पृथ्वीचा परीघ काढला. दुपारी तीनची गाडी धरून संध्याकाळी कैरो.

आणखी एक दिवस असेल तर पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर अल-अलामेन आहे. १९४२ च्या लढाईतल्या सैनिकांच्या दफनभूमीतच, ज्यांच्यावर धर्मानुसार अग्निसंस्कार झाले अशा सहाशेहून अधिक सैनिकांचं स्वतंत्र स्मारक आहे. ज्यांच्या घरात फौजेची परंपरा आहे त्यांनी गाडी करून जावं.

शहरात फिरायला ॲपवरची टॅक्सी घ्या. पिवळ्या-काळ्या टॅक्सीचं मीटर धरून चालू नका, बसण्याआधी भाव ठरवा. राम्लच्या जुन्या ट्रामचं नूतनीकरण हाती घेतलेलं आहे, तिच्या भरवशावर वेळापत्रक आखू नका. कॉर्निश ओलांडताना मात्र जिवाला जपा : गाड्या थांबत नाहीत, भुयारी वाट दिसेपर्यंत चालत राहा.

जेवणाचं. शाकाहारी माणूस या शहरात उपाशी राहत नाही, उलट कैरोपेक्षा चांगला जेवतो. राम्ल स्टेशनजवळचं ‘मोहम्मद अहमद’ हे फूल-तामियासाठी नावाजलेलं. फूल म्हणजे रात्रभर शिजवलेला बाकला, वर जिरं, तेल, लिंबू. अलेक्झांड्रियाच्या पद्धतीत टोमॅटो आणि मिरचीही. तामिया ही त्याच बाकल्याची, भरपूर कोथिंबीर घालून तळलेली वडी. कोशरीत भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे आणि वरून कुरकुरीत कांदा. तिखट वेगळं देतात, आपल्याला ते लागतंच. एक गंभीर सूचना : ज्यांना जी६पीडी या रक्तातल्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता आहे त्यांनी बाकला अजिबात खायचा नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जिवावर बेततं. घरात कुणाला तसं निदान झालेलं असेल तर फूल आणि तामिया दोन्ही बंद, कोशरी चालेल. मुलूखिया ही पालेभाजी दिसते शाकाहारी, पण बहुधा कोंबडीच्या रश्शात शिजवलेली असते. ‘सियामी’ म्हणजे तिथल्या ख्रिश्चनांच्या उपवासाचं का, असं विचारलं तर मांस-अंडी-दूध नसलेलं मिळतं. मासा मात्र वेगळा विचारावा लागतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी घरून शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी न्यावी. तिथल्या गरम ‘ऐश बलदी’ पोळीबरोबर ती छान लागते. चहा बिनदुधाचा येतो, दुधाचा हवा तर ‘शाय बि लबन’ सांगा.

मासे खाणाऱ्यांनी अन्फुशी भागात जावं. बर्फावर मांडलेला मासा आपण निवडायचा, समोर तोलून घ्यायचा, किलोचा भाव आणि भाजणावळ दोन्ही आधी विचारायचं. ‘सिंगारी’ म्हणजे पाठीतून उघडून टोमॅटो-ढोबळी मिरची घालून भाजलेला, तो सांगा, सोबत कांद्यावर तांबूस केलेला सय्यादिया भात. न मागता येणाऱ्या सॅलड आणि चटण्यांच्या वाट्या बिलात लागतात; नको असतील तर टेबलावर ठेवताच परत पाठवा. ऑप्शनल सहलीतल्या ‘फिश लंच’मध्ये हे निवडणं-तोलणं काहीच नसतं, सगळ्यांना एकच ताट. शाकाहाऱ्यांच्या ताटात त्यातला मासा तेवढा वजा होतो, आणि पैसे पूर्ण. बुकिंग करताना शाकाहारी ताटात नेमकं काय येणार, ते लिहून घ्या.

लहानसहान : आपला बारीक दोन गोल पिनांचा चार्जर तिथं चालतो, तीन पिनांचा नाही. भारताचं घड्याळ हिवाळ्यात साडेतीन तास पुढे. एप्रिलअखेर ते ऑक्टोबरअखेर अडीच तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जाणाऱ्यांनी ज्या रात्री त्यांचं घड्याळ एक तास मागं जातं, ती तारीख बघून मगच परतीची गाडी ठरवावी.